आईला दाखवायचे मासे

काल अकोल्याच्या जुन्या शहरातून जाताना सुकटीचा वास आला आणि मला लक्षद्वीपमधली ती दुपार आठवली.

बेटांभोवतीच्या प्रवाळांत कोणते मासे कुठे राहतात, याची नोंद ठेवणं हे माझं काम होतं. बाळापूरला फुलशेती करणाऱ्या माझ्या आईला मी फोनवर त्या माशांचे रंग सांगायचे. शेवटी ती पाहायला आली, पण तोवर त्या उन्हाळ्यात समुद्र तापून प्रवाळ मेले होते. थोडं काही उरलं असेल या आशेने मी तिला तळाला काच असलेल्या होडीतून नेलं.

काचेखालून नुसत्या पांढऱ्या फांद्या सरकत राहिल्या. काहींवर शेवाळ चढलं होतं. आई वाकून बराच वेळ बघत होती.

"मासे कुठी गेले वं?"

"प्रवाळच मेले, माय. त्याहीले राहाले जागाच नाही उरली."

"मंग तू रोज पान्यात जाऊन काय लिहून राहिली?"

"ते नाहीत, हेच लिहून राहिली."

आमच्याकडे मयताच्या घरी बाया जवळ बसून पाठीवरून हात फिरवतात, तसा आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला ते जरा जास्तच वाटलं. "पुन्हा वाढतीन," मी ठासून सांगितलं.

आई आता नाही. गेल्या हिवाळ्यात मी त्याच जागी पाण्यात उतरले. त्या पांढऱ्या फांद्यांचाही चुरा झाला होता.