चाऱ्याचा रकाना

मी तूप तपासते असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "मंग काय, मज्जाच असन तुमची! घरी डबे नेत असान." नोकरीला लागल्यापासून हेच ऐकते आहे. कायची मज्जा? दिवसभर वितळलेल्या तुपाच्या वासात बसलं की संध्याकाळी वरणावरसुद्धा तूप नको होतं. आणि घरी डबा नेला असता तर मला कोणी सोडलं असतं का? अर्ध्या ऑफिसला आधीच वाटायचं की ही जागा मला सवलतीत मिळाली. आमच्या घराण्यात विज्ञान शिकलेली मी पहिली. वडील म्हणायचे, दुसऱ्याची एक चूक माफ होते, आपली होत नाही, म्हणून कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. मी ती दिली नाही. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

आमची प्रयोगशाळा अकोल्यात, सरकारमान्य. काही वर्षांपूर्वी निर्यातीची एक योजना आली. लहान लहान उत्पादकांचं तूप तपासून, एकत्र करून आखातात पाठवायचं. सरकारनं श्रेणीप्रमाणे दर बांधून दिला. वरच्या श्रेणीचा दर इथल्या बाजाराच्या जवळपास दीडपट होता, दुसऱ्या श्रेणीचा थोडा कमी, आणि जे तूप कुठल्याच श्रेणीत बसलं नाही त्याचे डबे परत. दर मुंबईत ठरायचा. श्रेणी आमच्या टेबलावर ठरायची.

आता सरकीचं सांगते, कारण त्याशिवाय काही कळायचं नाही. वऱ्हाडात कापूस पिकतो, म्हणून म्हशीला सरकी, म्हणजे कपाशीचं बी, मिळते. रात्री भिजवायची, सकाळी शिजवून द्यायची. दूध दाट होतं, तूप रवाळ होतं. इथं लोक मिरवून सांगतात की आमची म्हैस सरकीवर आहे. पण सरकी खाणाऱ्या म्हशीच्या तुपाचे आकडे बदलतात. यंत्रात एक आकडा वर जातो, दुसऱ्या तपासणीत एक आकडा खाली येतो. तुपात बाहेरचं तेल मिसळलं तर अगदी हेच होतं. कागदावर दोघांत फरक करणं कठीण. म्हणून नियमाच्या पुस्तकात दोन तक्ते आहेत, एक सगळ्यांसाठी आणि एक कपाशीच्या मुलखासाठी. इथल्या बाजारात विकायच्या तुपाला आपला जिल्हा पाहून दुसरा तक्ता लागतो. निर्यातीच्या योजनेत तसं नव्हतं. उत्पादकानं अर्जावर चाऱ्याचा रकाना स्वतः भरायचा. सरकी लिहिली तर दुसरा तक्ता, नाही लिहिली तर पहिला.

बाळापूरहून एक अर्ज आला. नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. ते आमचे दूधवाले चाचा होते.

मी लहान असताना आम्ही जुन्या शहरात राहायचो. चाचा रोज सकाळी बाळापूरहून मोटरसायकलला दोन कॅन लटकवून यायचे. आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातचा चहा प्यायचे. त्या काळी आमच्या घरचा चहा गल्लीतले सगळेच पीत नसत. म्हैस व्याली की चीक आधी आमच्या घरी. मला ताप आला तर आईला ओरडायचे, "भाबी, पोरगी सुकून राह्यली, मलई कोनाले देता?" नंतर आम्ही घर बदललं, पिशवीचं दूध सुरू झालं, आणि चाचांनी अकोल्याला येणं सोडून घरीच तूप कढवायला सुरुवात केली. मला त्यांचा विसर पडला होता, खोटं कशाला बोलू.

"मॅडम, तुमच्या चाचाचा अर्ज आला म्हनते. मंग पह्यली श्रेणी पक्कीच!" पलीकडच्या टेबलावरचा सहकारी मोठ्यानं बोलला. दोघं-तिघं हसले. मी उगीच एकदा बोलून बसले होते की हे आमच्या ओळखीचे आहेत. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, थांब, तुला दाखवते पहिली श्रेणी कशी देतात ते.

नमुना घ्यायला मीच गेले. पाळी माझीच होती.

बाळापूरला किल्ल्याच्या मागच्या बाजूला चाचांचा गोठा होता. नऊ म्हशी. चाचा वाळले होते, दाढी पांढरी झाली होती, पण मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की माझा ऑफिसातला राग क्षणभर विरघळलाच. सुनेला हाक मारून चहा सांगितला, बाज झटकून दिली. मग स्वतः बसले आणि हळूच म्हणाले, "बेटा, तुलेच सांगतो. हे पास झालं त म्हशी राह्यतीन. नाई त पोरांनी गिराईक पाहून ठेवलं. एकाचं मोबाईलचं दुकान, दुसरा अमरावतीले. म्हनतात अब्बा, आता आराम करा. मी आराम करून करू काय, सांग बरं?"

मी म्हटलं, "पाहू चाचा. आकडे येतीन तसं."

तुपाच्या डब्यांना मोहर लावता लावता मी अर्ज वाचला. चारा : हिरवा चारा, कडबा, कुटार. सरकी : नाही.

गोठ्याच्या कोपऱ्यात एक कापलेला ड्रम होता, पोत्यानं झाकलेला. पोत्याची एक कड खाली सरकली होती आणि तिथून भिजलेली, काळपट सरकी दिसत होती. पोतं नसतं तरी चाललं असतं. भिजल्या सरकीचा तो आंबूस वास कोणत्याही वऱ्हाडी माणसाला डोळे मिटून ओळखता येतो.

"चाचा, सरकी नाई देत का तुमी म्हशीइले?"

चाचांनी ड्रमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ड्रमकडे बघते आहे, हे त्यांनी पाहिलं. "नाई बेटा. बंद केली."

नंतर मला कळलं ते असं. योजनेच्या प्रशिक्षणाला त्यांना अमरावतीला बोलावलं होतं. तिथं कोणी तरी भाषणात सांगितलं की परदेशातला माणूस आधी विचारतो, जनावर काय खातं? त्याला गवतावरचं जनावर पाहिजे. झालं! चाचांनी खूणगाठ बांधली की सरकी म्हणजे खोट. सगळा जन्म जी गोष्ट मिरवली ती या माणसानं पोत्याखाली लपवली. अर्जावर दुसरा तक्ता असतो, तो आपल्यासाठीच आहे, हे त्या भाषणात कोणी सांगितलंच नाही.

पण मला तर माहीत होतं ना! तिथल्या तिथं म्हणायचं होतं, चाचा, खोटं कायले लिहिता, सरकी लिहा, त्यातच तुमचा फायदा आहे. एवढंच. किंवा तेही नको, माझ्या कागदावर "नमुना घेणाऱ्याचा शेरा" असा रकाना असतो, त्यात लिहायचं की गोठ्यात भिजवलेली सरकी आढळली. दोन्ही नियमात बसत होतं. मी काहीच केलं नाही. ऑफिसातलं ते हसणं कानात होतं. वाटलं, आपण ओळखीच्या माणसाला अर्ज दुरुस्त करून देतो आहोत असं उद्या कोणी म्हणेल. त्यांनी सही केली आहे, त्यांचं ते पाहतील. मी शेऱ्याच्या रकान्यात "काही नाही" लिहिलं, चहा प्यायले आणि निघाले. चहा छान होता. दुधाचा होता नुसता, पाणी नव्हतंच त्यात.

यंत्रात घालण्याआधीच मला निकाल ठाऊक होता. तरी मी तीन-तीनदा तपासलं. एक आकडा वर, एक खाली. दुसऱ्या तक्त्यात ते तूप वरच्या श्रेणीत बसत होतं, सहज. पहिल्या तक्त्यात बसत नव्हतं. अहवालाला छापील वाक्य असतं, आपण फक्त खूण करायची : "दुधाबाहेरच्या स्निग्धांशाची भेसळ संभवते." मी खूण केली, सही केली. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी वाचून म्हणाला, "मॅडम, मानलं बुवा तुमाले." मला बरं वाटलं. त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

अहवाल गेल्यावर पाचव्या दिवशी चाचा प्रयोगशाळेत आले. धुतलेला पांढरा कुर्ता, हातात अहवालाची घडी. बाहेरच्या बाकावर बसून राहिले, कोणाला विचारलंही नाही. मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा दिसले.

"बेटा, मी भेसळ केली?"

मी शेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं : सरकी, दोन तक्ते, वर जाणारा आकडा, खाली येणारा आकडा. चाचा लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे खरं लिहिलं असतं त पास होतं?"

"हाव."

"वरच्या श्रेणीत?"

"हाव, चाचा."

त्यांनी डोक्याला हात लावला. "बाप्पा! काय केलं म्या हे." मग जरा सरकून, आवाज खाली करून म्हणाले, "मी योजनेच्या ऑफिसात जाऊन आलो बेटा. तो साहेब म्हने, आता तुमी सांगून काई होत नाई, तुमी खोटं लिहून देल्लं. पन सात दिवसाच्या आत नमुना घेनाऱ्यानं लिहून देल्लं, का मले गोठ्यात सरकी दिसली होती, त दुसऱ्या तक्त्यानं निकाल फिरते." मग माझ्याकडे वळले. "तुले दिसली होती ना?"



खरं सांगायचं तर मी त्या क्षणी म्हशींचा विचार केला नाही, चिकाचा केला नाही, आईच्या ओट्याचा केला नाही. मी विचार केला तो असा : दिसली होती असं लिहिलं तर साहेब विचारतील, मग त्या दिवशी "काही नाही" का लिहिलं? खोटा शेरा दिला म्हणून चौकशी लागेल. पलीकडचं टेबल हसेल. आणि म्हणतील, पाहा, शेवटी आपल्या माणसासाठी कागद बदललाच.

"नाई चाचा," मी म्हटलं. "मले नाई दिसली."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गोठ्यात पाहिलं होतं तसंच. मग त्यांनी अहवालाची घडी खिशात घातली आणि मान हलवली.

"हाव, कुठून दिसन. म्या झाकून ठेवली होती." उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुहा काई दोष नाई. चूक माहीच."

मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. ते रिक्षात बसले आणि मी आत येऊन पुढचा नमुना घेतला. सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे कोरा कागद होता. मी काही लिहिलं नाही.

डबे परत गेले. बाळापूर लहान गाव, तिथं बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. "स्निग्धांश" कोणाला कळतो? महिनाभरात त्याचं "चाचाच्या तुपात चरबी निघाली" झालं. ज्या घरांतून वर्षानुवर्षं सणाला चाचांचं तूप जायचं, हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, आमच्या बौद्धांच्या घरी, ती सगळी एकेक करून बंद झाली. बाजारात विकायला तर दुसरा तक्ता होता, तिथं तूप खुशाल पास झालं असतं. पण तपासायला तरी कोणी घ्यायला पाहिजे ना! आधी चार म्हशी गेल्या, मग उरलेल्या पाच. मला हे सगळं आमच्या नमुने आणणाऱ्या शिपायानं सांगितलं. त्याची बहीण त्याच गल्लीत दिली आहे.

दीड वर्षानं दुसऱ्या एका नमुन्यासाठी बाळापूरला जावं लागलं. स्टँडवरून मान खाली घालून चालले होते, तरी हाक आलीच. चाचा मुलाच्या मोबाईलच्या दुकानात स्टुलावर बसले होते. काउंटरच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकाला अडचण होणार नाही असे. आणखीच बारीक झाले होते. मला जबरदस्तीनं बसवलं. समोरच्या टपरीवरून चहा मागवला, पिशवीच्या दुधाचा, पाणचट. दुकानात दोन-तीन माणसं होती. चाचांनी त्यांना माझी ओळख करून दिली.

"हे आमची अकोल्याची पोरगी. लय मोठ्या जागेवर हाये. माह्या मांडीवर खेळली लहानपनी, पन माह्या तुपाले बी सोडलं नाई तिनं. असं इमानदार मानूस पाह्यलं का तुमी?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी खूप शोधला. माणसं माझ्याकडे आदरानं बघायला लागली, एकानं तर हात जोडले.

मी चहाचा कप घेतला आणि म्हटलं, "नोकरीच तशी आहे."