तुमच्या आईची आखडलेली नस

प्रिय मेघा आणि ईशान,

परवा फोनवर तुम्ही दोघं आईवर चिडलात. काही होत नसताना दर वाढदिवसाला आमचं बीपी कशाला मोजायचं, असं विचारलंत. तिनं नेहमीसारखं हसून विषय बदलला. ती सांगणार नाही, म्हणून मी, तिची आई, सांगते. तिला हे झालं तेव्हा ती तुमच्याच वयाची होती. तुमच्या मित्रमैत्रिणींत कुणावर अशी वेळ आली, तर त्यांनाही वाचायला द्या.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या छातीवरून उचलला आणि पोटावर ठेवला, बेंबीच्या वर, जरा उजवीकडे. डोळे मिटून ऐकलं. मग नळ्या माझ्या कानांत घातल्या. "ऐका मॅडम." नाडीच्या प्रत्येक ठोक्याला सूं, सूं असा आवाज. मूल गावातल्या भात गिरणीचा पट्टा लांबून ऐकू यावा तसा. "हा आवाज इथे असायला नको," ते म्हणाले, आणि इतके खूश दिसले की मला रागच आला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सुजाता, तुमची आई, तेवीस वर्षांची होती. नुकतंच लग्न होऊन मूलजवळच्या खेड्यात गेली होती, तिथल्याच शाळेत शिकवत होती. डोकं दुखायचं. चष्मा लागला, तरी दुखायचं. एक दिवस फळ्यावर लिहितानाच नाकातून रक्त आलं. बीपी त्या वयात असूच नये इतकं निघालं. गोळ्या बदलल्या, मीठ तोडलं, पण उतरेना.

डॉक्टर खूश होते ते कारण सापडलं म्हणून. रीनल आर्टरी स्टेनोसिस, म्हणजे मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अरुंद होणं. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, सगळ्या अंगातच रक्त कमी आहे. मग ते एक द्रव्य सोडतं आणि साऱ्या शरीराचं बीपी चढवून ठेवतं.

"मुंबईला जा," ते म्हणाले. "उशीर झाला तर मूत्रपिंड वाळेल. आणि हे उतरेपर्यंत दिवस राहू देऊ नका. बाळालाही धोका, हिलाही."

बाहेर बसलेल्या भागरथाबाईंना, म्हणजे तुमच्या बाबांच्या आईला, त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं, "नस आखडली आहे." तिथेच घोटाळा झाला.

मुंबईची तारीख मिळाल्यावर मी सुजाताला आणायला गावी गेले. पाहते तर ती खाटेवर उताणी, पोटाला तेल, आणि गावातली चोळणारी बाई दोन्ही अंगठे रोवून बसलेली.

"अहो, हे काय चाललंय?"

"नस आखडली म्हणे न डाक्टर?" भागरथाबाई म्हणाल्या. "त उतरवून राह्यलो. माही पाठ हिनंच सोडवली होती."

"ही ती नस नव्हे हो! ही धमनी आहे."

चोळणारीचे हात जागीच थांबले. "धामन? पोरीच्या पोटात?"

सुजाता हसत सुटली. कित्येक महिन्यांनी. मी मात्र अडले. जन्मभर इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत कुणालाही समजावलं असतं. इथे शब्द सापडेना.

"पाट समजा, रक्ताचा," मी म्हणाले. "भाताच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचेना, म्हणून तिचा मालक ओरडतो. पाटकरी घाबरून तलावाचं सगळं तोंड उघडतो. बाकीच्यांचे बांध फुटायला आलेत."

भागरथाबाईंना नेमकं कळलं. "मंग पाट बुजला म्हना न जी! आखडला काऊन म्हनता? चोळून का पाट मोकळा होते?" चोळणारीला त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं. "इहीनबाई, मीबी येतो मुंबईले."

मुंबईत अँजिओग्राफी झाली. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात, रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रे काढतात. उजवी धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसत होती. याला फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया म्हणतात. धमनीच्या भिंतीत कड्यांसारखी वाढ होते, बहुधा तरुण बायकांत. कुणाच्या खाण्यापिण्याचा दोष नसतो.

मोठे डॉक्टर म्हणाले, "बलून अँजिओप्लास्टी करता येईल. नळीच्या टोकाला फुगा असतो, तो अरुंद जागी फुगवायचा. पण आमच्याकडे हे नवीन आहे. धमनी फाटली तर तातडीनं ऑपरेशन, कदाचित मूत्रपिंडही जाईल. एक मूल आहेच, तेव्हा पुढचं टाळून जास्त गोळ्यांवर राहा, असं माझं मत."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "मूल? कुणाला?"

शिकाऊ डॉक्टर गडबडले. "मी विचारलं होतं, मूल आहे का. या आजी हो म्हणाल्या."

"हो जी," भागरथाबाई ठामपणे म्हणाल्या. "मूलच! मूलच्याच पाशी गाव हाये आमचं. वर्ध्याले गाडी बदलली."

मी गावाचं नाव समजावलं. मोठे डॉक्टर टेबलावर हात आपटून हसले. मग गंभीर होऊन सुजाताकडे वळले. "म्हणजे मूल नाही. हवं आहे?"

"हवं आहे," ती म्हणाली. "फुगा करा."

भूल फक्त मांडीपुरती होती, ती जागी होती. आम्ही दोघी विहिणी बाहेर बाकावर बसलो. एकमेकींचा हात कधी धरला, आठवत नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात ओली फिल्म होती. ती त्यांनी तिथेच खिडकीच्या उजेडात धरली. माळ गेली होती! सलग, रुंद, पांढरी रेघ थेट मूत्रपिंडापर्यंत.

"पाट मोकळा?" भागरथाबाईंनी विचारलं.

"काय?"

"हो म्हणा, डॉक्टर," मी म्हणाले. "नुसतं हो म्हणा."

त्या संध्याकाळपासून बीपी उतरू लागलं. नर्सनं आकडा सांगितला की आम्ही दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या वाजवायचो. काही आठवड्यांत गोळ्या सुटल्या. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि मेघा, तू आलीस. मग ईशान.

काहींची धमनी पुन्हा अरुंद होते. तिची झाली नाही. पण हा आजार कधीकधी घराण्यात उतरतो, म्हणून ती तुमचं बीपी विचारते. तरुण वयात बीपी चढलं आणि गोळ्यांना दाद देईना, तर मूत्रपिंडाच्या धमन्या तपासायला सांगा. लाजू नका. त्या चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते.

गेल्या महिन्यात आईची सोनोग्राफी झाली. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडं लहान आहे, तेव्हापासूनच. दोन्ही काम करतात.