इनास मुकादमांची आगाऊ सूचना

ठाण्याच्या सार्वजनिक बागेचे मुकादम इनास यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा वाळलेल्या करंजाच्या बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवून, टोपी काढून, ते झाडाशी बोलत होते. "उद्या तुला कापाचाय. राग धरू नको. पाखरांना सांगून ठेव." सकाळी तांदूळ पाखरांनी टिपलेले असले, तरच कुऱ्हाड चाले; तसेच राहिले, तर झाडाने रुकार दिला नाही असे ते मानीत. पाद्रीबाबा रागावले, तेव्हा इनास म्हणाले, "तुमी मेलेल्यांशी बोलता, मी जित्यांशी."

मी वकील. नोटिशीवाचून कोणास बेदखल करू नये, हे तत्त्व कचेरीबाहेर पाळणारा मनुष्य मला तोवर भेटला नव्हता.

बाग लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली. मुंबईहून पेटाऱ्यांतून रोपे आली. प्रत्येकाच्या गळ्यात लॅटिन नावाची पत्र्याची पाटी. पाटीवाचून एकच झाड होते: तळ्याकाठची जुनाट उंडी, बागेच्याही आधीची. "ही बागेची नाय, बाग हिची हाय," असे इनास म्हणत.

बाग-कमिटीचे अध्यक्ष एक शेठ होते. त्यांना उंडीच्या जागी बँडचा चबुतरा हवा होता. सर्व सभासदांच्या ठरावावाचून जुने झाड तोडू नये, हा कमिटीचाच नियम. मी अर्जांवर अर्ज केले; एकाचेही उत्तर आले नाही. इनासांना मात्र तोडण्याचा हुकूम आला. ते रोज सायंकाळी तांदूळ ठेवीत आणि रोज सकाळी तांदूळ तसेच असल्याचे कळवीत.

"काय मुकादम, उंडीबाईंचा रुकार आला का?" शेठनी चारचौघांत विचारले.

"नाय शेठ. मोठी हाय ती, विचार करते."

कोर्टात मी पुष्कळ मुदती मिळवल्या; अशी एकही नाही. त्या तांदळांवर परडी उपडी घालताना मी इनासांना एकदा पाहिले होते. मला साक्षीस कोणी बोलावले नाही.

अखेर शेठनी कल्याणहून तोडणारे आणले. सकाळी इनास पोहोचले, तेव्हा उंडी आडवी झाली होती. त्यांनी परडी उचलली. चिमण्या उतरल्या आणि तांदूळ टिपू लागल्या. ते पाहत उभे राहिले.

ठराव नंतर झाला. त्यात 'मागाहून संमती' असे शब्द आहेत. झाड पडल्यावर घेतलेल्या संमतीस कायद्यात काय म्हणतात, हे मी कमिटीस लिहून विचारले. आजही विचारतो.

ठरावाच्याच आठवड्यात, मी त्याविरुद्ध अपील लिहीत असता, इनास सायंकाळी माझ्या ओटीपाशी आले. टोपी काढून त्यांनी पायरीवर मूठभर तांदूळ ठेवले.

"वकीलसाब, उद्या उत्तनला जातो. परत नाय येत. राग धरू नका."

अपिलात तुमची साक्ष लागेल, एवढेच मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते निघाले. ते वळणाआड होताच मी घरातून परडी आणली व तांदळांवर उपडी घातली.

सकाळी तांदूळ तसेच होते. इनास गेले होते.