काठी आणि खाकरा

शालनमावशी बोलताना समोरच्या माणसाकडे कमी आणि त्यांच्या कुत्र्याकडे, खंड्याकडे, जास्त बघायच्या. "बोला, ऐकतेय मी," म्हणता म्हणता कंबरेच्या पिशवीतून खाकऱ्याचा तुकडा काढून त्याच्यापुढे टाकायच्या. आम्हा शेजाऱ्यांना तो उद्धटपणा वाटायचा, पण तसं तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मावशी मूळच्या रत्नागिरीच्या. नर्सची नोकरी संपल्यावर आमच्या सिल्व्हर पार्कातल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्याच राहायला आल्या. खंड्या त्यांना शांती नगरच्या दुकानांमागे सापडला. कुणीतरी त्याला काठीने सडकून काढलं होतं. मावशींनी जखमा बऱ्या केल्या, पण काठीची धास्ती राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कांताबेन रोज सकाळी काठी टेकत देरासरला, त्यांच्या जैन मंदिरात, निघाल्या की हा जीव खाऊन भुंकायचा. एकदा त्या पडता पडता वाचल्या. सोसायटीने बजावलं, दिवाळीपर्यंत सुधारला नाही तर वरसाव्याच्या पुढे जंगलात सोडून येऊ.

सेक्रेटरींनी वर सल्लाही दिला, "मावशी, दोन फटके द्या, लगेच सरळ होतोय बघा."

"फटक्यांनीच तर वाकडा झालाय तो," मावशी म्हणाल्या. "भुंकतोय म्हणजे घाबरलाय. घाबरलेल्या पेशंटला मी कधी मारलं नाही, याला कशी मारू?"

त्यांनी कांताबेननाच हाताशी धरलं. खाकरेही त्यांच्याच घरचे. कोकणातल्या बाईचा कुत्रा खाकऱ्यावर पोसला जातोय, याची आम्हाला गंमत वाटायची. कांताबेन लांब गेटपाशी काठी घेऊन उभ्या राहायच्या. काठी दिसल्यावर खंड्याने न भुंकता मावशींकडे मान वळवली की तुकडा, आणि "शाब्बास रे माझ्या राजा." भुंकला तर रागावणं नाही. "चूक आपली, आपण घाई केली. बेन, आप थोडा पीछे जाओ."

"मेरे से कसरत करवाती है," कांताबेन कुरकुरायच्या, पण दुसऱ्या दिवशी हजर. हळूहळू गेटपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून दारापर्यंत अंतर कमी होत गेलं. दिवाळीत त्या काठी टेकत फराळ द्यायला थेट घरात आल्या. खंड्याने काठीकडे बघितलं, मग मावशींकडे, आणि शांतपणे बसला. मावशींना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. त्यांना पुढच्या खोलीत खाली ठेवलं होतं. कोपऱ्यात गोणपाटावर खंड्या. माणसं तिरडीचे बांबू घेऊन दारात आली. सेक्रेटरी म्हणाले, "आधी याला बांधा कुणीतरी."

खंड्या उठला. अंग थरथरत होतं. त्याने बांबूंकडे बघितलं, मग शिकवल्याप्रमाणे मान वळवून मावशींच्या चेहऱ्याकडे बघत बसला. भुंकला नाही.

कांताबेननी काठी भिंतीला टेकवली आणि वाकून खाकऱ्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "ले बेटा. शाबाश." त्याने तिकडे पाहिलंही नाही. मावशींकडून शाबासकी यायची होती, तो थांबला होता. मावशींना उचलून नेलं, तरी तुकडा तिथेच होता. संध्याकाळी आम्ही घर झाडलं, पण तेवढी जागा सोडून.