फाळाचा तुकडा

भंडाऱ्याच्या कचेरीतल्या त्या बाबूला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

एकाहत्तरच्या लढाईत बाबांच्या छातीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. फुप्फुसाला लागून होता म्हणून पलटणीच्या डॉक्टरांनी तो काढला नाही. बाबा दिघोरीला परतले, खोकत खोकत धानाची शेती केली आणि काही वर्षांनी एका उन्हाळ्यात रक्त ओकून गेले. राख सावडताना काकांच्या हाताला तो काळा तुकडा लागला. आमच्याकडे मसणातलं काही घरी आणत नाहीत. काकांनी अस्थींबरोबर तोही वैनगंगेत सोडला.

बाबा लढाईच्या जखमेनंच गेले असं ठरलं, तरच आईला पेन्शन मिळणार होती. पलटणीच्या इस्पितळाचा कागद आम्ही अर्जाला जोडला होता. तरी बाबू म्हणाला, "तुकडा होता म्हनता, तं मंग गेला कुठं?"

आईनं खरं ते सांगितलं. तो खुर्चीत रेलून हसला. "पुरावा गंगेत सोडता अन् पेन्शन सरकारले मांगता? तुकडा आना, मंग पाहू."

शेजारच्या टेबलावरचेही हसले. परतीच्या एसटीत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी आल्यावर आईनं नांगराच्या मोडक्या फाळाचं टोक चुलीत घातलं, राखेत लोळवलं आणि फडक्यात बांधलं.

"माय, हे खोटं होते ना," मी म्हटलं.

"त्याले पटो नाही तं न पटो. मले फक्त त्याच्या हातात द्याचं हाये."

बाबू मोठा सोवळ्याचा. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणाला शिवू द्यायचा नाही. काय आणलं म्हणून त्यानं हात पुढं केला, तसा आईनं फडकं सोडून तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"तुमीच आना म्हनलं ना, साहेब. मसनातला हाये."

तुकडा खाली पडला. बाबू हात अंगापासून लांब धरून नळाकडे पळाला. या वेळी कोणी हसलं नाही. मी मात्र पोटभर हसले. आईला पुन्हा दारात पाहायला लागू नये म्हणून त्यानं त्याच दुपारी प्रकरण वर पाठवलं. वरच्या डॉक्टरांना इस्पितळाचा कागद पुरला. आईला पेन्शन लागली.

काही वर्षांनी भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानात तोच बाबू दिसला, पार खंगलेला. त्यानंच मला ओळखलं. बायको अंथरुणाला खिळली होती, मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"ते लोखंड हाती घेतलं तेव्हापासून घरात सुख नाही," तो म्हणाला. "दोनदा शांती केली. तुमच्या मायले विचारा ना, बाई, आता काय करू."

नांगराचा फाळ होता तो, एवढं बोलले असते तर बिचारा सुटला असता.

"मसनातलं लोखंड लवकर सोडत नाही म्हनते माय," मी म्हटलं, आणि दुकानदाराला पाणी भरायच्या पितळी गुंडाचा भाव विचारला.