आडनाव बघून निवडलेला डॉक्टर

अमेरिकेत शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिंकलं, हसलं की मला लघवी सुटायची. आता लिहितेय खरी, पण तेव्हा नवऱ्यालाही वर्षभर सांगितलं नव्हतं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणायचं, झालं. एकदा दुकानाच्या रांगेत खोकल्याची उबळ आली आणि सामान तिथंच सोडून मी गाडीत येऊन बसले. लेक गाडीतच होती. तिनं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरला दाखवा. इन्शुरन्सवाल्यांचं डॉक्टरांच्या नावांचं जाडजूड पुस्तक घरी होतं. ते उघडलं आणि पानभर परक्या नावांत एक आपल्याकडचं आडनाव दिसलं. मी त्यावर बोट ठेवलं.

"आई, यू कान्ट पिक अ डॉक्टर बाय लास्ट नेम," लेक म्हणाली.

"मग कशावरून निवडू? फोटो तर दिलेले नाहीत."

गेलो. चाळिशीचा, शांत माणूस. मी आधी गाव विचारलं, मग आईचं माहेर. ते आमच्या साताऱ्याजवळचंच निघालं. म्हटलं, घरचाच माणूस मिळाला.

"काकू, त्रास कधीपासून आहे?"

"झालं की वर्ष."

"मग वर्षभर काय केलंत?"

"पाणी कमी प्यायले."

हसला नाही तो. पाणी तोडल्यानं उलट लघवीची जळजळ वाढते, हे नीट समजावलं. तपासलं, आणि मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "ऑपरेशन लागलं तर मी करू शकतो. पण माझ्याकडे येतात ते प्रोस्टेटवाले आणि मुतखडेवाले. तुमच्यासारख्या बायका वर्षाला चार-पाच. पलीकडच्या गावात एक बाई आहेत, त्या रोज हेच करतात. तिकडे जा."

मला लागलंच जरा. "म्हणजे मला घालवताय?"

"माझ्या आईला त्रास असता तर तिलाही तिकडेच नेलं असतं. आणि त्यांना विचारा, अशी ऑपरेशनं किती केलीत, किती जणींना गुण आला, नाही आला तर पुढं काय."

"डॉक्टरला असं तोंडावर विचारायचं?"

"विचारायचं. मला तुम्ही फक्त गाव विचारलंत."

लेक खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. आलेला पेशंट स्वतःहून दुसरीकडे पाठवणारा, तोही आपल्या माणसांत स्वतःचं उणं सांगून, असा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. इथं आपले लोक एकमेकांच्या डिग्र्या मोजतात हो.

त्या बाई पांढऱ्या केसांच्या, पायात पळायचे बूट. लेकीला मी बाहेर बसवलं. माझं इंग्रजी कामापुरतं, ते प्रश्न रात्री कागदावर उतरवून पाठ केले होते. विचारताना कान तापले. वाटलं, बाई म्हणणार, ही कोण मला परीक्षेला बसवणारी? पण त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि एकेकाचं उत्तर दिलं. आठवड्याला दोन-तीन ऑपरेशनं होतात म्हणाल्या. मग बरं न वाटलेल्या बायकांविषयीही न विचारता सांगितलं, कुणाला पुन्हा गळायला लागलं, कुणाला लघवी अडायला लागली. आणि आधी तीन महिने व्यायाम करून बघू, सुरी नंतर. व्यायाम म्हणजे लघवी अडवून धरतो तसे आतले स्नायू आवळायचे. बसल्या जागी करता येतो, कुणाला कळतसुद्धा नाही.

"दुसऱ्या कुणाचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दुसरं मत म्हणूनच तुमच्याकडे आलेय. आता तिसरं नको."

व्यायाम तिथंच, त्यांच्यासमोर बसून शिकून घेतला. चुकत होते तेव्हा त्यांनी चारदा तरी पहिल्यापासून सांगितलं. बाहेर आले तर लेक म्हणाली, "सो? आणखी कोणाला बघायचं?"

"कोणाला नाही," म्हटलं. "तीन महिन्यांनंतरची वेळ घेऊन ठेव. ह्याच बाईंची."