सांगून घेतलेली गोळी

भूकंपानंतर मला छताखाली बसवत नसे. मी तेव्हा लातूरकडच्या एका खेड्यात हायस्कूलवर विज्ञान शिकवत होतो. गणपती विसर्जनासाठी नांदेडला अक्काकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे आलो होतो, म्हणून वाचलो. परत गेलो तर गाव उभं नव्हतं. मी भाड्याने राहायचो ते घर म्हणजे दगडमातीचा ढीग झाला होता आणि घरमालकाचं सगळं कुटुंब त्याच्याखाली होतं. आठवडाभर दगड उचलले. दहावीच्या वर्गातली कोण कोण उरली हे हजेरीपट काढून बघायचं धाडस मला झालं नाही. ते मुख्याध्यापकांनी केलं.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो. झोप येईना. शेजारच्या एकाने ग्लासभर दिली, म्हणाला, "घ्या गुरुजी, डोळा तरी लागंल." लागला. त्याआधी मी कधी प्यालो नव्हतो. वर्षभरात प्यायल्याशिवाय डोळा लागेना.

ती नोकरी सोडली आणि लातूरला आलो. शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. लोहा, मुखेड, हदगाव, कुठून कुठून पोरं यायची, एका खोलीत चौघं राहायची, पहाटे साडेपाचच्या बॅचला ओले केस घेऊन बसायची. मला रसायनशास्त्र मिळालं. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, शंभरावर पोरं, दार एकच. मी एका जागी उभा राहू शकत नसे. बाकांमधून सारख्या चकरा मारायचो. खालच्या रस्त्यावरून मालट्रक गेला की बाकं थरथरायची आणि माझं वाक्य अर्धवट राहायचं. पोरांना ती माझी स्टाइल वाटायची. ती मला फिरते सर म्हणत.

हात थरथरायचे म्हणून पहिल्या बॅचआधी दोन घोट घ्यायला लागलो. मग दुपारी. मग बॅगेत क्वार्टर. वास लपवायला तोंडात लवंग. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं.

अक्काला कळत होतं. रविवारी मी नांदेडला तिच्याकडे जायचो, ती जेवायला वाढायची आणि आत निघून जायची. एका दिवाळीनंतर मात्र ती एकदम माया करायला लागली. चहा स्वतः करून हातात द्यायची, संपेपर्यंत समोर बसायची. लातूरला जाताना ताकदीची म्हणून एक पूड बांधून द्यायची. "दुधातून घेत जा. लई वाळून राहिलास." मीही घ्यायचो. तेव्हा प्यालो की अंग तापायचं, मळमळायचं; मला वाटलं कावीळ होतेय, म्हणून घोट घोट पुरवून घ्यायचो. म्हणून काही कळलं नाही.

मग एका रविवारी, नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागायच्या आत, मी मागच्या गल्लीत जाऊन घाईघाईने अख्खी क्वार्टर प्यालो. लोहा यायच्या आधीच अंग भाजायला लागलं. कान, मान, छाती, सगळं लाल. डोक्यात घण पडायला लागले. काळीज इतकं उडत होतं की शेजारच्या म्हातारीने माझा हात धरला. खिडकीतून ओकलो. मला वाटलं, भूकंप आहे, आणि मी चालत्या गाडीत उठून दाराकडे धावलो. कंडक्टरने मागून धरलं नसतं तर खाली पडलो असतो.

गाडी लोह्याच्या दवाखान्यात नेली. सलाईन लावता लावता तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दारू सोडवायची गोळी चालू आहे का तुमची?"

"नाही. कसलीच गोळी नाही."

"मग कुणीतरी देतंय तुम्हाला."

अक्काला फोन गेला. ती तासाभरात आली, माझ्याकडे न बघता पलंगाच्या पायाशी उभी राहिली. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने त्या गोळ्या मिळवल्या होत्या, खलबत्त्यात कुटून चहात घालत होती. ताकदीची पूडही तीच.

"विष घातलंस तू मला," मी म्हणालो.

"आन् तू रोज घालून घेतूस ते काय हाय?" ती एकदम ओरडली. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. "काय करू मग? बघत बसू? त्या गावातून वाचलास ते ह्याच्यासाठी व्हय?"

मी भिंतीकडे तोंड केलं. एवढं होऊनही मला प्यायला हवं होतं. मला अक्कापेक्षा त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मला नांदेडला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई पन्नाशीच्या होत्या, बोलणं हळू. सगळं ऐकून त्या आधी अक्काला म्हणाल्या, "ताई, माणसाला न सांगता ही गोळी कधीच द्यायची नाही. काल हे गेले असते." अक्का पदर तोंडाला लावून रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग कोरा कागद पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही आणि मी ठरवू."

मी म्हणालो, परीक्षा जवळ आल्यात, बॅचेस संपू द्या, मे महिन्यात येतो.

"मेपर्यंत कसं जगणार आहात ते सांगा, मग लिहिते."

खुर्चीत मी सारखा मागे वळून दाराकडे बघत होतो. त्यांनी ते पाहिलं. उठून त्यांनी दार उघडून ठेवलं आणि विचारलं, "किती वर्षं?" दारूबद्दल विचारत नव्हत्या. मी पहिल्यांदा कुणाला तरी त्या ढिगाऱ्याबद्दल सांगितलं. सांगताना खोलीत फेऱ्या मारत होतो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"भूकंपाला गोळी असते का, मॅडम?"

"भूकंपाला नसते. तुमच्या अंगात तो अजून चालू आहे, त्याला असते. पण दोन्हीचा इलाज बरोबरच करावा लागेल. नुसती दारू काढली तर ही भीती तुम्हाला परत तिकडेच नेईल."

मग कागदावर एकेक गोष्ट उतरली. आधी दहा दिवस भरती, कारण इतक्या वर्षांची दारू घरी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. तिथे थरथर आवरायची औषधं, रोज थोडी कमी करत, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. भीतीची आणि झोपेची गोळी, जिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागणार. दर पंधरवड्याला येऊन बोलायचं. आणि दारूसाठीची गोळी. त्यांनी दोन सांगितल्या. एक ओढ कमी करते. दुसरी ओढ कमी करत नाही, फक्त प्यालात तर काल झालं ते होतं.

ती दुसरी कशी काम करते ते मी त्यांना समीकरणासकट सांगितलं. अल्कोहोलचं अल्डिहाइड होतं, अल्डिहाइडचं आम्ल. ही गोळी मधल्या पायरीवर अडवते. दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो मी ते. बाई पहिल्यांदा हसल्या.

"मला तीच द्या," मी म्हणालो.

अक्का दचकली. "तीच? आरं, मरता मरता वाचलास."

"या वेळी मला माहीत असेल."

बाईंनी लगेच दिली नाही. रक्त तपासलं, हृदयाचा ईसीजी काढला. यकृताचा रिपोर्ट वाईट होता, म्हणून दीड महिना थांबवलं. भरतीतले दिवस मला नीटसे आठवत नाहीत. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, नसलेल्या. तिसऱ्या दिवशी मी घरी जातो म्हणून चपला घालून दारात उभा राहिलो, आणि अक्का दाराबाहेर बाकावर बसून होती. मीच परत खाटेवर गेलो.

गोळी सुरू करायची वेळ आली तेव्हा बाईंनी विचारलं, "रोज समोर बसून कोण देणार?" अक्का पुढे झाली. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही ताई. इतक्यात नाही."

लातुरात माझ्या खोलीखाली एका टेलरमास्तरांचं दुकान होतं. साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. माझ्याशी त्यांचा संबंध सलाम-नमस्कारापुरता. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते पँटची शिलाई उसवत होते. हात थांबला नाही.

"फजरच्या नमाजाला उठतोच मी," ते म्हणाले. "पाच वाजता या. चहाबी पिऊ."

तसं सुरू झालं. मी गोळी जिभेवर ठेवायचो, पाणी प्यायचो, आणि मास्तर म्हणायचे, "हां, तोंड उघडा सर." शर्टाचं माप घ्यावं तसं नीट बघायचे. खिशात मी कार्ड ठेवायचो, कुठली गोळी चालू आहे ते लिहिलेलं. खोकल्याचं औषध, दाढीनंतरचं लोशन, सगळं अल्कोहोल नाही ना ते बाटलीवर वाचून घ्यायचं.

क्लासच्या संचालकांना मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि पुढच्या आठवड्यात माझा मोठा फोटो चौकातल्या फ्लेक्सवरून गेला. हॉलऐवजी मला तळमजल्यावर शंका सोडवायला बसवलं. अपमान वाटला. पण तळमजला होता आणि दोन दारं होती.

चार महिन्यांनी मी घसरलो. काहीच निमित्त नव्हतं, खरंच. मुखेडची एक मुलगी शंका विचारायला येऊन बसली, तिची वेणी माझ्या दहावीतल्या एका मुलीसारखी होती, एवढंच. दुसऱ्या सकाळपासून मास्तरांना म्हणायला लागलो, "वरच घेतली." ते म्हणायचे, "बरं." सहा दिवस. गोळी अंगातून जायला किती दिवस लागतात ते मी मोजत होतो. सातव्या सकाळी मी दुकानासमोरून न थांबता निघालो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"सर, खोटं बोलायला तुम्हाला वर-खाली करावं लागून राहिलं. पायऱ्या लई हायेत. बसा."

मी बसलो. बाईंच्या त्या कागदावर एक ओळ होती, 'घसरलो तर आधी डॉक्टरांना फोन'. मास्तरांच्याच दुकानातून लावला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "प्यालात?" "नाही. ठरवलं होतं." "मग आज या." औषध बदललं नाही, पण बोलण्याचे दिवस वाढवले. त्या मुलीबद्दल, दहावीतल्या, मी तेव्हा पहिल्यांदा बोललो.

दीड वर्षाने दारूची गोळी थांबली. भीतीची मात्र बरीच पुढे चालली. मधे मास्तर दुकान मुलाकडे देऊन हैदराबादला लेकीकडे गेले. जाताना माझ्या मापाचा एक पांढरा शर्ट शिवून गेले, माप न घेता. खांद्यात थोडा सैल आहे. मी तो घालतो.